वेरा आणि येवगेनिया यांची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



भाषणाचा विषय मीच निवडावा असे कार्यकारिणीने सांगितले. स्वयंपाक, शिवण, मुलांचे संगोपन यांवर बोलणाऱ्या माझ्याहून जाणत्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून आज मी तुम्हाला जरा लांब, रशियातल्या एका खेड्यात नेणार आहे. तेथे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी दोन सख्ख्या बहिणी राहिल्या आणि त्यांतल्या धाकटीने एक पैही न घेता शाळा चालविली. थोरलीने पुढे म्हातारपणी ही सारी हकीकत आपल्या आठवणींत लिहिली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मला ते इंग्रजी पुस्तक कोठून वाचता येणार? माझी मुलगी वाची आणि मराठीत सांगे, आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐके. कोठे अडले तर तिला पुन्हा मागे जायला लावी. तेव्हा माझे हे ज्ञान ऐकीव आहे, पण नीट ऐकलेले आहे.

आधी त्या देशाची स्थिती थोडक्यात सांगते. रशियातला शेतकरी पूर्वी जमीनदाराच्या मालकीचा असे. मालक बदलला की जमिनीबरोबर माणसेही नव्या मालकाची होत. १८६१ साली बादशहा दुसरा अलेक्झांडर याने ही गुलामी कायद्याने बंद केली. परंतु सुटलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर जमिनीच्या किमतीचे हप्ते बसले, आणि पुष्कळांच्या वाट्याला पूर्वी कसत होते त्याहून कमी जमीन आली. १८६४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत 'झेम्स्त्वो' नावाच्या संस्था निघाल्या. आपल्याकडची जुनी लोकलबोर्डे आठवा, तसाच काहीसा तो प्रकार. दवाखाने आणि शाळा काढणे हे त्यांचे काम. पण पैसा थोडा आणि मुलूख अफाट.

थोरल्या बहिणीचे नाव वेरा फिग्नर. जन्म १८५२ चा, कझान प्रांतातला. घर खाऊनपिऊन सुखी. रशियातल्या विद्यापीठांत त्या वेळी बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून डॉक्टर होण्यासाठी ती १८७२ साली नवऱ्यासह स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला गेली. पुढे नवरा म्हणाला, पुरे झाले शिक्षण, घरी चल. ती गेली नाही. दोघे वेगळे झाले. आणि गंमत अशी की, ज्या शिक्षणासाठी संसार मोडला, तेही तिने १८७५ साली पदवीला थोडे महिने उरले असताना सोडले. मायदेशातल्या सोबत्यांचे बोलावणे आले होते. शिकलेल्या तरुणांनी खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांत राहावे आणि त्यांना जागे करावे, अशी एक लाटच त्या वर्षांत रशियात उठली होती. शेकडो मुलेमुली शहर सोडून खेड्यांत गेली आणि पुष्कळ जण लगेच तुरुंगातही गेले.

वेराने 'फेल्डशर'ची परीक्षा दिली. फेल्डशर म्हणजे डॉक्टर आणि कंपाउंडर यांच्या मधले माणूस. खेड्यात डॉक्टर कोठला, सगळा भार फेल्डशरवर. पहिल्यांदा ती १८७७ साली समारा प्रांतातल्या एका खेड्यात राहिली. महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस गावोगाव हिंडायचे. एखाद्या झोपडीत उतरली की तीसचाळीस रोगी तेथे गोळा होत. बायका पुष्कळ, त्याहून मुले अधिक, आणि सगळ्यांची एकच रडारड. बहुतेकांना त्वचेचे रोग होते. त्याचे कारण तिने दिले आहे ते मला फार बोलके वाटले. तिकडे अंघोळीसाठी वेगळी न्हाणीघरे असतात, पण त्या भागात ती क्वचितच होती. मग माणसे चुलीत शिरून अंग धूत. रशियन चूल म्हणजे आपल्यासारखी तीन दगडांची नव्हे. ती विटांची, अर्धी खोली व्यापणारी असते. तिच्यात भाकरी भाजतात आणि थंडीत तिच्या माथ्यावर झोपतात. ती निवत आली की आत बसून अंग शेकायचे आणि पुसायचे. शेतकऱ्यांना जागे करायला आलेली ही बाई रोज संध्याकाळी रिकामी बाटली आणि संपलेले मलम पाहत बसे. या माणसांपुढे भाषण करायला तोंडच उघडले नाही, असे तिने प्रांजळपणे लिहिले आहे.

१८७८ च्या वसंतात ती सरातोव्ह प्रांतातल्या पेत्रोव्स्क तालुक्यात, व्याझ्मिनो गावी गेली आणि आता तिच्याबरोबर धाकटी येवगेनिया होती. येवगेनियाचे वय अवघे वीस. बाई फेल्डशर म्हणून आली हे गावाला इतके नवल की शेतकरी पाद्र्याकडे विचारायला गेले, ही नुसती बायकांसाठी आली आहे की पुरुषांसाठीही? पण पहिल्याच महिन्यात तिने ८०० रोगी तपासले, आणि दहा महिन्यांत ५,०००. सकाळपासून रात्रीपर्यंत त्या लहानशा घरापुढे गाड्यांची रांग लागलेली असे. लोक एखाद्या जागृत देवस्थानाला यावे तसे येत.

आता शाळेकडे वळते, कारण माझे मन तेथेच अधिक रमले. वेराच्या हद्दीत तीन मोठे गावगट होते आणि त्या सबंध मुलखात एकही शाळा नव्हती. येवगेनियाने आईबापांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, मी फुकट शिकवीन. दुसरी, अंकलिपी, कागद, लेखणी सगळे माझ्याकडे आहे, तुम्ही काही विकत आणायचे नाही. मला यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. फी माफ आहे असे सांगणे सोपे असते. गरिबाचे मूल अडते ते वहीवर आणि पेन्सिलीवर. "उद्या आण" असे मास्तर चार वेळा म्हणाले की पाचव्या दिवशी ते मूल शाळेच्या वाटेने जातच नाही, हे आपण आपल्या गल्लीतही पाहिले आहे. येवगेनियाने ती अडचण आधीच काढून टाकली. लगेच पंचवीस मुले आली, आणि त्यांत मुलीही होत्या. काही मुलांना तर वीस वर्स्ट, म्हणजे सुमारे एकवीस किलोमीटर, दूरच्या गावांहून आणून पोचवीत.

दवाखाना आणि शाळा एकाच घरात. म्हणजे इकडे अंकलिपी चाललेली आणि तिकडे खोकणे, कण्हणे, तान्ह्या मुलांचे रडणे. त्यातच शिकवायचे. ज्यांनी कधी पाहुण्यांनी भरलेल्या घरात मुलाचा अभ्यास घेतला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मोठी माणसेही शिकायला येत. दाढीवाल्या बाप्यांना काय हवे होते? त्यांना हवे होते अंकगणित. त्याचे कारण असे. तिकडे कर सबंध गावावर एकत्र बसे. प्रत्येक घराने किती द्यायचे ते गावाने आपसात वाटून घ्यायचे, आणि एकाने बुडविले तर ते बाकीच्यांनी भरायचे. हा सारा हिशेब गावकारकुनाच्या हातात. त्याने कागदावर काय लिहिले ते वाचणारा कोणी नाही, आणि बेरीज तपासणारा तर नाहीच नाही. तेव्हा बेरीज-वजाबाकी येणे म्हणजे आपल्या पदरचा पैसा आपल्याला दिसणे. गावाने येवगेनियाला 'आमची सोन्यासारखी मास्तरीण' असे नाव दिले.

दिवसाचे काम आटोपले की दोघी बहिणी हातातले काम आणि एखादे पुस्तक घेऊन कोणाच्या तरी घरी जात. ज्या घरी जात त्या घरी त्या रात्री सणच. यजमान धावत जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि नातेवाइकांना बोलावून आणी. मग वाचन सुरू होई. शेतकऱ्यांच्या सुखदुःखावर लिहिणारा नेक्रासोव्ह हा कवी, अधिकाऱ्यांची टर उडविणारा श्चेद्रिन हा लेखक, कधी मासिकांतले लेख. दहा वाजत, अकरा वाजत, तरी लोक म्हणत, आणखी थोडे वाचा. वाचता वाचता गोष्ट जमिनीवर येई, जमीनदारावर येई, कारकुनावर येई. कीर्तन ऐकून परतताना आपल्याकडे जशी निम्मी वाट बोलण्यात सरते, तसेच ते असावे असे माझ्या डोळ्यांपुढे आले. वेरा लिहिते की त्या दिवसांत क्षणोक्षणी वाटे, आपली येथे गरज आहे, आपण जास्तीचे नाही. हे वाचून दाखविताना माझी मुलगी थांबली होती. मीही लाटणे ठेवले.

गावातल्या बड्या मंडळींना हे रुचेना. जमीनदाराचा कारभारी, कारकून, पाद्री एकत्र झाले. या बायकांपाशी पासपोर्ट नाहीत, थोरलीचे प्रमाणपत्र खोटे आहे, अशा कंड्या उठल्या. शाळेत 'देव नाही आणि बादशहा नको' असे शिकवितात म्हणे! मुलांकडेही विचारपूस झाली. पाद्र्याने वर कळविले की, या आल्यापासून लोकांची देवळावरची श्रद्धा ओसरली आणि माणसे उद्धट झाली. माझा तर्क असा की खरी भीती देवाधर्माची नव्हतीच. ती त्या बेरजेची होती. लोक बिचकू लागले. उघडपणे येणाऱ्यांना दहादा विचार करावा लागे.

तरीही शाळा मोडली ती या कारणाने नव्हे. अलेक्झांडर सोलोव्ह्योव्ह नावाचा त्यांचा एक सोबती होता. तो स्वतः पूर्वी शाळामास्तर होता, नंतर त्यानेही खेड्यांत राहून पाहिले होते. तो व्याझ्मिनोला येऊन वेराला भेटला आणि बादशहाला मारण्याचा बेत त्याने तिला सांगितला. २ एप्रिल १८७९ रोजी त्याने पीटर्सबर्गमध्ये बादशहावर गोळ्या झाडल्या. बादशहा वाचला, सोलोव्ह्योव्हला फाशी झाली. तो कोठे कोठे राहिला याचा माग पोलीस काढणार हे उघड होते. बहिणींना गाशा गुंडाळावा लागला. दवाखाना गेला, शाळा गेली, रात्रीचे वाचन गेले.

वेराचे म्हणणे असे की, जेथे खेड्यात निमूटपणे शिकविणेही गुन्हा ठरतो, तेथे आधी ते राज्यच हलविले पाहिजे. तिच्या जागी आपण नव्हतो, तेव्हा तिला दोष देणे मला सोपे जाते हे मी जाणते. तरी माझे मत सांगतेच. सोलोव्ह्योव्हची गोळी बादशहाला लागली नाही, ती लागली त्या पंचवीस मुलांच्या अंकलिपीला. १ मार्च १८८१ रोजी बादशहा बाँबने मारला गेला. तो कट करणाऱ्यांच्या मंडळात वेरा होती. त्यानंतर गादीवर आला तो तिसरा अलेक्झांडर बापापेक्षा कडक निघाला, आणि शेतकऱ्याच्या डोक्यावरचा हात काही हलका झाला नाही. माझी मुलगी मात्र वेराच्या बाजूची आहे. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

येवगेनियाला १८७९ च्या अखेरीस पकडले आणि १८८० च्या खटल्यात सैबेरियात धाडले. मास्तरीण तेव्हा बावीस वर्षांची होती. वेरा १८८३ मध्ये पकडली गेली. फाशीची शिक्षा झाली, ती बदलून जन्मठेप आली, आणि श्लिसेल्बर्गच्या किल्ल्यात तिने १८८४ पासून १९०४ पर्यंत वीस वर्षे काढली. सुटली तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. येवगेनिया १९३१ मध्ये वारली, वेरा १९४२ मध्ये. वेराच्या आठवणींत कट, खटले, तुरुंग यांनीच बहुतेक पाने भरली आहेत. व्याझ्मिनोला त्यांत फार थोडी जागा आहे. मी मुलीला तेवढा भाग तीनदा वाचायला लावला.