माळवदाखालचा हिशेब



शाळेत रिश्टरचा आकडा पाठ करून आपण एक मार्क मिळवला. पुढे मी याच कामात पडलो, तेव्हा कळलं की नुसत्या त्या आकड्यावरून किती माणसं दगावली असतील ते सांगता येत नाही. कुठल्या गावात जमीन किती हादरली, तिथे किती लोक होते आणि ते कसल्या छताखाली होते, हे धरावं लागतं. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याची ‘पेजर’ यंत्रणा हा अंदाज साधारण अर्ध्या तासात मांडते.

किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, आकडा ६.२. जगाच्या मानाने मध्यमच. पण गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. भिंती दीड-दोन हात रुंद; दोन्ही अंगांना दगड, मधे मातीगोट्यांची भर, आणि दोन अंगांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद. ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर माती चढत गेलेली. सुमारे १०,००० माणसं गेली. त्यात आमची मावशी होती. सुट्टीत तिच्या भिंतीतल्या कोनाड्यात आमच्या गोट्या असायच्या.

तक्त्यात ‘घराचा प्रकार’ हा रकाना भरताना माझा हात अजून थांबतो.

ज्यांच्या गावी अशी भिंत उभी आहे, त्यांनी जेवणानंतर मला फोटो दाखवा. भिंतीला आरपार भोकं पाडून सळई-काँक्रीट कुठे भरायचं, ते कागदावर काढून देतो.