जखमेची हद्द ओलांडणारा वण

बुगडीसाठी कान हौसेने टोचला, जखम भरली आणि तीन-चार महिन्यांनी त्याच जागी खाज सुटून टणक, तुकतुकीत गाठ वर येऊ लागली, अशी तक्रार घेऊन अनेक मुली आमच्याकडे येतात. सोबतच्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा कॅन्सर तर नाही ना? नाही. ही गाठ कॅन्सरची नसते आणि ती संसर्गानेही होत नाही. तिला कीलॉइड म्हणतात.

जखम भरून काढायला त्वचेतल्या पेशी कोलॅजन नावाचं प्रथिन तयार करतात. काम झालं की ते थांबायला हवं. काहींच्या त्वचेत ते चालूच राहतं. भाजल्यावर किंवा टाक्यांच्या रेषेवर काही आठवड्यांतच वण फुगतो, पण जखमेच्या हद्दीतच राहतो, तो हायपरट्रॉफिक वण. वर्ष-दीड वर्षात तो बऱ्याचदा आपणहून बसतो. कीलॉइड मात्र ही हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेत पसरतो आणि सहसा आपणहून जात नाही.

दहा ते तीस या वयात, सावळ्या त्वचेत आणि ज्यांच्या घरात कुणाला असा वण आहे, त्यांच्यात तो अधिक दिसतो. छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी या त्याच्या नेहमीच्या जागा. तिथे मुरमाची एक पुटकुळी किंवा दंडावरची लसही निमित्ताला पुरते.

माझी कळकळीची विनंती आहे : गाठ नुसती कापून घेऊ नका. कापणं म्हणजे नवी जखम. गाठ पुष्कळदा परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. दोरा बांधणं, चुना लावणं हेही नकोच. पहिला उपचार म्हणजे गाठीतच दिलेलं ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने ते अनेकदा घ्यावं लागतं. टोचताना दुखतं, त्या जागेची त्वचा थोडी पातळ किंवा फिकट होऊ शकते. पण खाज लवकर थांबते आणि गाठ सपाट होत जाते. जोडीला द्रव नायट्रोजनने गोठवणं किंवा फाइव्ह-एफयू या औषधाचं इंजेक्शन देतात. सिलिकॉनची पट्टी रोज निदान बारा तास, काही महिने लावावी लागते. शस्त्रक्रिया करावीच लागली, तर नंतर इंजेक्शनं, कानाला दाब देणारी क्लिप किंवा एक-दोन दिवसांत रेडिएशन अशी जोड हवीच.

घरात असा वण असेल, तर हौसेखातर नवी भोकं पाडू नका. बाळाचे कान टोचायचेच असतील, तर लहानपणीच टोचा. वयात येताना टोचल्यास धोका वाढतो. मुरमं फोडू नका, त्यांवर वेळीच उपचार घ्या. आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, की सर्जनना आधीच सांगा, "माझा वण वाढतो." म्हणजे टाके ताण न येता घालता येतात आणि जखम भरताच सिलिकॉनची पट्टी सुरू करता येते.