पालकांच्या सहीची गोष्ट

(मंडळाच्या महिला दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बटाटेवडे आणि चहा झाल्यावर 'जागतिक विकासाची उद्दिष्टे आणि मुली' हा विषय म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच! कार्यकारिणीने मला दहा मिनिटे दिली आहेत, तेवढ्यातच आटोपते. विषय युनोच्या अहवालातला वाटला, तरी तो आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत कसा येतो ते सांगायचा प्रयत्न करते.

२००० साली जगातल्या देशांनी आठ उद्दिष्टे ठरवली. गरिबी कमी करायची, प्रत्येक मुलाला प्राथमिक शाळेत घालायचे, बालमृत्यू कमी करायचे, वगैरे. मुदत होती २०१५. सगळी उद्दिष्टे चांगलीच होती. पण त्यांत बालविवाहाबद्दल चकार शब्द नव्हता. मुलीला शाळेत घातली आणि तेराव्या वर्षी तिथून उचलून बोहल्यावर उभी केली, तर त्या उद्दिष्टाचं काय करायचं?

२०१५ मध्ये नवी यादी झाली. या वेळी सतरा उद्दिष्टे आणि मुदत २०३०. यात मात्र बालविवाह बंद करण्याचे कलम स्पष्ट शब्दांत आले, आणि मोफत शिक्षणाचे वचन प्राथमिक शाळेपाशी न थांबता माध्यमिकपर्यंत गेले. हे अनेकांच्या प्रयत्नांनी झाले, पण त्यात मुलींचा स्वतःचा आवाज मोठा होता. मलाला यूसुफझाई १२ जुलै २०१३ रोजी, आपल्या सोळाव्या वाढदिवशी, युनोमध्ये बोलली ते आपल्या सर्वांना आठवत असेल. सप्टेंबर २०१५ मध्ये ही नवी उद्दिष्टे मंजूर होत होती, तेव्हाही ती तिथे होती. प्रेक्षकांच्या सज्जात तिच्याबरोबर १९३ तरुण मुलंमुली हातात दिवे घेऊन उभी होती, प्रत्येक देशासाठी एक.

पण मंडळी, न्यूयॉर्कमध्ये टाळ्या पडल्या म्हणून खेड्यातलं लग्न थांबत नाही. ते कसं थांबतं, हे पाहायला आफ्रिकेतल्या मलावीत जाऊ या.

तिथे मेमरी बांडा नावाची मुलगी वाढली. तिच्या गावाकडे वयात येणाऱ्या मुलींना एका शिबिरात पाठवायची रीत होती आणि तिथे त्यांना पुरुषाला खूश कसे ठेवायचे ते शिकवले जाई. मेमरीची धाकटी बहीण तिथे गेली, अकराव्या वर्षी गरोदर राहिली आणि तिचे लग्न लावून दिले. मेमरीने जायला साफ नकार दिला. "हट्टी मुलगी" म्हणून बोलणी खाल्ली, पण शाळा सोडली नाही. पुढे ती लहान वयात आई झालेल्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवू लागली. त्या मुली आपापली हकिगत सांगू लागल्या, लिहू लागल्या, आणि ती घेऊन गावच्या प्रमुखांकडे गेल्या. आधी गावांचे नियम बदलले, मग फेब्रुवारी २०१५ मध्ये मलावीच्या संसदेने लग्नाचे किमान वय अठरा करणारा कायदा केला.

गोष्ट इथे संपत नाही बरं का! मलावीच्या राज्यघटनेत एक पळवाट शिल्लक होती. पंधरा ते अठरा वयाच्या मुलीचे लग्न पालकांच्या संमतीने करता येत होते. ती पळवाट बुजवायला २०१७ साल उजाडले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपण इंग्लंडमध्ये राहतो, आपला काय संबंध?

तर ऐका. अगदी परवापरवापर्यंत याच देशात सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलीचे लग्न कायदेशीर होते. अट कोणती? पालकांची संमती! पेझी महमूद ही इराकी कुर्दिस्तानातून इथे आलेल्या कुटुंबातली मुलगी. तिचे लग्न सोळाव्या वर्षी इथेच लावून दिले गेले. पुढे त्यातून बाहेर पडून ती हा कायदा बदलण्यासाठी उभी राहिली. तिचा आणि तिच्याबरोबरच्या बायकांचा मुद्दा साधा होता: लग्नाची जबरदस्ती आईवडीलच करत असतील, तर त्यांच्या संमतीने मुलीचे रक्षण होणार कसे? हा मुद्दा खासदारांना पटवायला वर्षे गेली. २०२२ मध्ये कायदा झाला आणि २७ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाचे वय सरसकट अठरा झाले.

मलावी काय आणि इंग्लंड काय, पळवाट एकच निघाली. आपली, म्हणजे आईबापांची सही. आणि ती दाखवून दिली ती त्या वाटेने ढकलल्या गेलेल्या मुलींनी.

आपल्याकडे हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच रखमाबाईंनी दाखवले होते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे जायला नकार दिला. मुंबईच्या कोर्टात खटला चालला. १८८५ मध्ये त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली, पण स्वतःच्या नावाने नाही, 'एक हिंदू स्त्री' म्हणून. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल! पुढे तडजोड झाली, आणि याच लंडनमध्ये शिकून त्या डॉक्टर झाल्या. पण एक विसरू नका. घरात त्यांचं ऐकणारा एक माणूस होता, त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन.

आज युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्ने अठरापूर्वी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्या होत्या. बीडसारख्या जिल्ह्यात प्रमाण आणखी जास्त. आपण इथे दिवाळीचा फराळ करतो, त्याच सुमारास तिकडे ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. वयात आलेली मुलगी सहा महिने कोणाच्या भरवशावर मागे ठेवायची, या काळजीने तिचे लग्न उरकले जाते. त्या आईबापांना दुष्ट म्हणून चालणार नाही. गावात चांगले हंगामी वसतिगृह असेल, तर सही करायची वेळच कितीतरी घरांवर येणार नाही.

म्हणून दोन विनंत्या. आपल्यापैकी बरेचजण गावच्या शाळेला देणगी पाठवतात. पुढच्या वेळी पाठवताना ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी तिथे काय सोय आहे, एवढे विचारा. आणि शक्य असेल तर मुख्याध्यापकांबरोबर त्या मुलींनाही विचारा. संडासाला कडी नाही, रात्री दिवा नाही, हे त्याच सांगतील.

दुसरी विनंती घरातली. आपल्या मुली शाळेत डिबेट करतात, 'मॉडेल युनायटेड नेशन्स'मध्ये कुठल्या कुठल्या देशाच्या वतीने बोलतात. आपण फोटो काढतो, आजीला पाठवतो, युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर लिहायला बरं म्हणून खूशही होतो. पण तीच मुलगी घरी म्हणाली, "आई, हा कोर्स मला नको," किंवा "बाबा, लग्नाचं आत्ता बोलू नका," तर लगेच "तुला काय कळतंय!" म्हणतो. कायदा अठरापर्यंत राखण करतो. पण अठरानंतरही आपला आग्रह असतो, रुसवा असतो, "लोक काय म्हणतील" असतं. या सगळ्याला कायदा कुठवर पुरणार? तिथे ऐकणारा माणूसच लागतो.

एवढं बोलून माझी दहा मिनिटं संपवते. आता प्रश्न विचारा, पण माझी एक अट आहे. पहिला प्रश्न मागच्या रांगेत बसलेल्या मुलींचा.