सकाळच्या वाटीचा हिशेब

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि खिचडीचं पातेलं उतरवून इथवर आलेल्या स्वयंपाकी-मदतनीस ताईंनो,

राधानगरीत आषाढ लागला की धनगरवाड्यावरचं मूल प्लास्टिकची खोळ पांघरून शाळेची वाट धरतं. पोटात कपभर चहा आणि त्यात बुडवलेली रात्रीची चपाती. कधी नुसताच चहा. चिखलातून शाळेपर्यंत येईतो तो जिरून जातो. पहिल्या तासाला पाढे म्हणताना या मुलाचा आवाज का खाली येतो, हे वर्गावरच्या बाईंना न सांगता कळतं. आहार मात्र शिजतो दुपारसाठी. मधल्या तासांची भूक कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

दुपारचा हिशेब पक्का आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम. हे प्रमाण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिलेलं आहे. लहान मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. तांदूळ सरकारकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासून एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे. एवढ्यात ताट भरायचं, चव घेऊन नोंद करायची, पट आणि साठा जुळवायचा. शाळा हे रोज करतात.

हा हक्कही सहज मिळालेला नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या आहाराची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांच्या हाती महिन्याला ३ किलो कोरडा तांदूळ पडायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला आणि शाळेत चूल पेटली. तांदळाच्या पिशवीचं गरम ताट व्हायला सहा वर्षं आणि एक खटला लागला.

न्याहारीची गाडी आज तशीच अडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळचा पौष्टिक नाश्ता मुलांच्या शिकण्याला बळ देतो असं सांगून तो सुचवला. गरम अन्न जमत नसेल तिथे शेंगदाणे किंवा चणे, गूळ आणि स्थानिक फळं द्यावीत, इतकं साधं सुचवलं. पुढच्याच वर्षी योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ झालं. नाश्त्याची तरतूद मात्र त्यात आली नाही.

तमिळनाडूने वाट पाहिली नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईत मुख्यमंत्री न्याहारी योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली. उपमा, पोंगल, खिचडी. खर्च राज्याच्या तिजोरीतून. अमेरिकेत १९६६ ला प्रयोग म्हणून सुरू झालेली शालेय न्याहारी १९७५ मध्ये कायमची झाली. तिथे अनुदान ताटागणिक मिळतं, आणि मुलाने किमान अर्धा कप फळ किंवा भाजी घेतली नसेल तर ते ताट हिशेबात धरत नाहीत. नियम कडक, पण त्या नियमाबरोबर पैसा येतो.

राधानगरीच्या वाटीत काय असावं, हे या डोंगरालाच विचारावं. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून, मंद भाजून दळायची. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग आधणात सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. हे सत्त्व कसं करायचं, ते इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. ३० ग्रॅम नाचणी, २० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, १५ ग्रॅम गूळ: सुमारे २७० उष्मांक, ७ ग्रॅम प्रथिनं आणि शंभरावर मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात कॅल्शियम नावापुरतंच. गूळ तर कोल्हापूरचाच.

मग अडतं कुठे? नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, त्यासाठी ५ रुपये धरले. जून २०२४ मध्ये पंधरा पाककृतींची यादी आली. नाचणीचं सत्त्व त्यात होतं. जानेवारी २०२५ मध्ये अंडं आणि साखर यांचा पैसा थांबला आणि ते लोकवर्गणीतून करा असं सांगण्यात आलं. ज्या वाडीवर आईबाप ऊसतोडीला किंवा मजुरीला जातात, तिथे वर्गणी कोणाकडे मागायची? पौष्टिक अन्न वर्गणीवर सोडलं की ते आधी गरीब वाडीतून नाहीसं होतं.

ताईंचाही विचार हवा. पंचवीस मुलांपर्यंतच्या शाळेला एकच स्वयंपाकी मिळते, म्हणजे डोंगरातल्या कितीतरी शाळांचा भार एकाच बाईवर. महिन्याचं मानधन २५०० रुपये. न्याहारी म्हणजे तिला दीड-दोन तास आधी चूल पेटवावी लागणार. ते तास फुकटात मागणं अन्यायाचं आहे.

या भागाला ही गोष्ट परकी वाटू नये. भोगावतीवर धरण बांधायला घेणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं. खेड्यातल्या मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय झाल्याशिवाय तो शिकायला टिकणार नाही, हे तेव्हाच्या दरबाराने ओळखून पैसा घातला होता.

म्हणून या संमेलनाने ठराव करावा. दुपारच्या ६ रुपये ७८ पैशांना हात न लावता न्याहारीसाठी वेगळा दर असावा. नाचणी, शेंगदाणे, गूळ तालुक्यातल्या महिला बचत गटांकडून घ्यावा. ताईंच्या मानधनात सकाळच्या कामाची भर पडावी. सुरुवात दाजीपूरच्या बाजूच्या छोट्या शाळांतून, जून ते सप्टेंबर एवढ्यापुरती व्हावी. त्या चार महिन्यांत पहिल्या तासाची हजेरी आणि मुलांची वजनं दर महिन्याला लिहून ठेवावीत, म्हणजे ऑक्टोबरात जिल्हा परिषदेत जाताना हातात कागद असेल.