आज काय केलंस गं?

आम्ही जालना एमआयडीसीच्या शेजारच्या वस्त्यांमधल्या बचत गटांच्या बाया. आमच्यातल्या कुणी बियाण्याच्या कारखान्यात पॅकिंगला जातात, कुणी शिवणकाम करतात, कुणी चार घरची धुणीभांडी. बहुतेकींचे घरधनी लोखंडाच्या कारखान्यात, भट्टीवर नाहीतर रोलिंग मिलमध्ये. आज आम्ही कर्ज आणि व्याजाबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय बायकांच्या गप्पांबद्दल. लोक ज्यांना रिकाम्या गप्पा म्हणतात, त्याच गप्पा.

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. आधी २१ दिवसांचा म्हणाले, मग तो वाढतच गेला. एमआयडीसीतल्या भट्ट्या थंड झाल्या, धुराडी गप्प झाली. माणसं घरात, पगार बंद, आणि पत्र्याच्या खोलीत एप्रिलचं ऊन. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ असते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. बैठकच बंद म्हटल्यावर पुढची चारही सूत्रं अडली. मग आम्ही ठरवलं, बैठक नाही तर नाही, बोलणं तोडायचं नाही.

आमच्या एका गटात बारा जणी. मोठा फोन चौघींकडे. बाकीच्यांकडे बटणाचे, त्यातही रिचार्ज संपलेले. म्हणून खुणा ठरवल्या. सकाळी एक मिस्ड कॉल आला की सगळं ठीक. लागोपाठ दोन आले की फोन करायचा. मोठा फोनवाली प्रत्येकजण आपल्या शेजारच्या दोघी-तिघींची खबर घ्यायची आणि दुपारी ती पुढे सांगायची. खबर तरी कसली? नळाला पाणी आलं का, किती दिवसांनी आलं. पिठाची गिरणी किती वाजता उघडते. कुणाच्या कुरडयांचा चीक पातळ झाला. पोरगं दिवसभर पतंगाच्या मागे छतावर आहे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या परवा संपतात.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण याच किरकोळ बोलण्यातून कामं वाटली गेली. गोळ्यांचं कळलं, तेव्हा जिचा मुलगा औषधाच्या दुकानावरून जायचा तिनं त्या आणल्या. पाणी आलं तेव्हा बाळंतिणीचा ड्रम शेजारणीनं भरला. जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये येणार होते. एप्रिलमध्ये ते काढायला खाते नंबरच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वार लावले होते. ३ तारखेला शून्य आणि एकवाल्या, ४ तारखेला दोन आणि तीनवाल्या, असं. ही खबर फोनवरून घरोघर गेली. पासबुक काढून प्रत्येकीनं शेवटचा आकडा पाहिला, म्हणून उन्हातल्या रांगेत कुणाचा फेरा फुकट गेला नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. आमच्यातली एक मैत्रीण फार मानी. कुणापुढे हात पसरणार नाही. रोज विचारलं की म्हणायची, "बरंय, काही कमी नाही." पण आम्ही एकमेकींना स्वयंपाकही विचारायचो. ती म्हणाली, आज भात. दुसऱ्या दिवशीही भात, तिसऱ्या दिवशीही भात. आमच्याकडे भाकरी-पोळीशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. रेशनवर माणशी पाच किलो फुकट तांदूळ मिळत होता, तेवढाच घरात होता, हे न सांगता कळलं. तिला नुसतं पीठ नेऊन दिलं असतं तर तिनं दार लावून घेतलं असतं. म्हणून तिला काम सांगितलं. "बाई, गिरणी तुझ्या घराजवळ. आमच्या तिघींचं दळण तू आणून ठेव, आणि तुझ्या फेऱ्याचं पीठ त्यातनं काढून घे." तिनं ते केलं, आणि ताठ मानेनं केलं. मदत करताना समोरचीच्या हातात काहीतरी काम दिलं, की तिची मान खाली जात नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

एमआयडीसी म्हणजे परगावच्या माणसांचीही वस्ती. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, सगळीकडचे कामगार इथं भाड्याच्या खोल्यांत राहतात. आमच्या एका मैत्रिणीच्या भिंतीला लागून बिहारची एक बाई राहायची. दोघी मोडक्या हिंदी-मराठीत बोलायच्या. ती म्हणायची, सगळे चालत निघालेत, आम्हीही निघतो. रुळाच्या कडेनं गेलं की वाट चुकत नाही, आणि गाड्या तर बंदच आहेत.

गाड्या सगळ्या बंद नव्हत्या. मालगाड्या चालू होत्या. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या मध्ये काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. जालन्यातल्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला असलेले, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरियाकडचे मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रुळारुळानं निघाले होते. थकून रुळावरच टेकले, तिथंच डोळा लागला. मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. ती माणसं आमच्याच गावात राबत होती. त्या दिवशी आमच्या कितीतरी घरांत चूल उशिरा पेटली.

त्या बिहारच्या बाईला आमच्या मैत्रिणीनं ही बातमी सांगितली आणि म्हणाली, "पायी निघू नको. आधी पोलीस ठाण्यात नाव नोंदव, श्रमिक गाड्या सोडायला लागलेत." पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांची पोरं दोन्ही घरांत मिळून जेवली. मग ते कुटुंब गाडीनं गेलं. जाताना खोलीची किल्ली, भांड्यांचं गाठोडं आणि तुळशीची कुंडी भिंतीपलीकडे ठेवून गेलं. दिवाळीनंतर ते परत आले, तेव्हा तुळस हिरवीगार होती.

तेव्हापासून आमच्या गटांनी एक नियम धरला. खबर सांगायची, तर ती कुणाकडून कळली तेही सांगायचं. 'म्हणतात' एवढ्यावर पुढे पाठवायची नाही. औषधाची खबर असेल तर आधी आशाताईंना विचारायचं, रेशनची असेल तर दुकानदाराला. चुकीच्या खबरीनं माणूस जातो, आणि खरी खबर वेळेवर मिळाली तर वाचतोही.

आता बैठका पुन्हा भरतात, भट्ट्याही पेटल्यात. हप्ते, व्याज, हिशोब यांतच तास संपतो. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या गटाच्या बैठकीत वही उघडायच्या आधी दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीनं घरचं एक तरी सांगायचं. जी गैरहजर आहे तिच्या घरी उठताना कुणीतरी जायचं. जी नेहमी "बरंय" एवढंच म्हणते, तिला आणखी एक प्रश्न विचारायचा. आणि गटात नसलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, आपली भाषा न येणारी शेजारीण असेल, तर तिचं नाव विचारून ठेवायचं.

संकट काही सांगून येत नाही. आलं की त्या दिवशी नवी मैत्रीण जोडायला वेळ नसतो. म्हणून आजच रेडिओ बंद केल्यावर एकीला फोन लावा. "आज काय केलंस गं?" एवढंच विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत ऐका.