रिकाम्या बाटल्यांचा विहार
थायलंडच्या सिसाकेत प्रांतातील खुन हान येथे, पंचशीलातील पाचव्या शीलानुसार ज्यांना मद्य सर्वथा वर्ज्य, त्याच भिक्षूंनी १९८४ साली बिअरच्या रिकाम्या बाटल्या जमविण्याचा उद्योग आरंभिला, आणि आसपासच्या रयतेबरोबर स्थानिक अंमलदारांनीही, त्यांच्या तत्परतेची चौकशी आपण न केलेली बरी, त्या बाटल्या विहाराकडे मुबलक प्रमाणात रवाना केल्या.

हिरव्या व तपकिरी काचेचे हे सुमारे १५ लाख नग सिमेंटात बसवून मंदिर, भिक्षूंच्या कुट्या, पाण्याची टाकी, फार काय शौचगृहेही उभी राहिली. काचेचा रंग विटत नाही आणि आत उजेड भरपूर येतो, हा व्यावहारिक लाभ निराळाच. बुचांचीही गय झाली नाही. ती जुळवून भिंतींवर भगवान बुद्धाची चित्रे रेखिली गेली.