शेऱ्याला उत्तर लेखीच द्यावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका कागदाविषयी बोलणार आहोत. वर्षातून एकदा साहेब आपल्या कामाबद्दल दोन ओळी लिहितो. कुणी त्याला गोपनीय अहवाल म्हणतं, कुणी सी.आर., कारखान्यात नुसतं 'शेरा' म्हणतात. त्या दोन ओळींवर वेतनवाढ अडते, बढती अडते, पुढे पेन्शनचा आकडासुद्धा त्यावरच ठरतो. आपली मुलं-मुली आज बँकेत, महापालिकेत, एस.टी.त, दवाखान्यात कामाला आहेत. त्यातली काही संध्याकाळी विहारात येतात आणि खाली मान घालून सांगतात, "काका, साहेबानं रेकॉर्ड खराब केलं." आम्ही विचारतो, "मग तू उत्तर काय दिलंस?" तर म्हणतात, "काय देणार? साहेब आहे तो."

बंधूंनो, घात इथेच होतो. आपण गप्प बसलो की पाच वर्षांनी फाईल उघडणारा माणूस म्हणतो, शेरा खरा असणार, नाहीतर यानं तक्रार केली असती.

काम न पाहता माणसाची किंमत ठरवणं आपल्या समाजाला नवीन नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसांचा हात त्या खात्याला लागू देत नसत. त्यांचं विणकाम कुणी पाहिलंच नव्हतं. जन्म पाहिला आणि नापास केलं. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी ही गोष्ट कुरकुर म्हणून ठेवली नाही. मागणी म्हणून संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडली. अन्याय मागणीच्या रूपात मांडला की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

आता आमच्या गिरणीतली गोष्ट सांगतो. आम्ही सूत काढण्याच्या रिंग खात्यात काम करतो. एका वर्षी आमच्या नावापुढे शेरा पडला, 'हात मंद, वेस्ट जास्त'. वेतनवाढ थांबली. खरी गोष्ट अशी, की खात्यातली हवा ओलसर ठेवणारी यंत्रणा त्या उन्हाळ्यात बरेच दिवस बंद होती. हवा कोरडी पडली की धागा पटापट तुटतो, हे कुठलाही सायडर सांगेल. आम्हाला रोज वहीत टिपण ठेवायची सवय. कोणती पाळी, कोणती मशीन, यंत्रणा चालू की बंद. त्या वहीवरून तारखा उतरवून आम्ही एक पानी अर्ज दिला. शेजारच्या मशीनवरही त्या दिवसांत वेस्ट तेवढंच होतं, तेही लिहिलं. कुणाला शिवी नाही, टोमणा नाही. चार महिने गेले, पण 'हात मंद' हे शब्द काढले गेले आणि वेतनवाढ मिळाली.

कायदाही आपल्या बाजूला आहे, पण तो माहीत पाहिजे. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात देव दत्त नावाचे अभियंता होते. १९९३-९४ सालच्या अहवालात त्यांना 'चांगला' शेरा मिळाला. ऐकायला बरं वाटतं! पण बढतीला 'फार चांगला' लागत होता आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली न्यायालयाने सांगितलं, सरकारी नोकराचा प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, त्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. पुढे २०१३ साली तीन न्यायाधीशांनी हेच कायम केलं. केंद्र सरकारनेही मे २००९ मध्ये आदेश काढला. संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला द्यायचा, आणि म्हणणं मांडायला मुदत पंधरा दिवसांची.

कारखान्यात असाल तर औद्योगिक संबंध संहिता पाहा. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी आणि तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी सारखे हवेत. अर्ज एक वर्षाच्या आत करायचा, समितीनं तीस दिवसांत काम संपवायचं.

आता उत्तर कसं लिहायचं ते ऐका. पहिलं, शेऱ्याची प्रत घ्या आणि ती कोणत्या तारखेला मिळाली ते लिहून ठेवा, मुदत तिथून सुरू होते. दुसरं, 'वागणूक बरी नाही', 'कामात रस नाही' असं मोघम लिहिलं असेल तर विचारा, कोणत्या दिवशी, कोणत्या कामात? तिसरं, एकेका मुद्द्याला एकेक उत्तर द्या, सोबत हजेरी, कामाचे आकडे, आधीच्या वर्षांचे चांगले शेरे जोडा. शेऱ्यातला एखादा भाग खरा असेल तर तो नाकारू नका, त्यानं बाकीच्या म्हणण्याला वजन येतं. चौथं, तुम्हाला काय हवं ते स्पष्ट लिहा. शेरा काढा, की बदला, की वरच्या साहेबाकडून पुन्हा तपासा. पाचवं, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेब जातीवरून बोलला असेल तर त्याचे नेमके शब्द, दिवस आणि ऐकणारे कोण, हे त्याच दिवशी टिपून ठेवा आणि त्याची तक्रार वेगळी करा.

रागाच्या भरात चार माणसांत साहेबाला बोललात, तर शेरा राहतो बाजूला आणि चौकशी तुमचीच लागते. अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा अशा वेळी कामाला येते. खरं तेवढंच बोलावं, आणि ते न घाबरता बोलावं.

प्रत्येक अर्जाला यश येईलच असं आम्ही सांगत नाही. पण आपलं म्हणणं फाईलीत लागलं की ती फाईल एकतर्फी राहत नाही. आयाबहिणींना विनंती, घरात कुणी असा कागद घेऊन आलं तर "जाऊ दे" म्हणू नका. दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही दोघे-तिघे विहारात बसतो. कागद घेऊन या. पंधरा दिवस संपायच्या आत या.

जयभीम! नमो बुद्धाय!